यंत्राच्या फिरत्या भागांवरील संरक्षक आवरणे : वऱ्हाडातील जिनिंग कारखान्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासाची चर्चा प्रामुख्याने कापसाचा बाजार, रेल्वेमार्ग, सावकारी आणि शेतकऱ्याचे कर्ज या चार विषयांभोवती फिरत आली आहे. शेतातला कापूस आणि मुंबई बंदरातील गाठ यांच्या दरम्यान एक यंत्र उभे होते. त्या यंत्राचे पट्टे, पुल्या, दांतेरी चाके आणि जमिनीखालून जाणारा शाफ्ट यांच्याजवळ हजारो स्त्री-पुरुष हंगामामागून हंगाम काम करीत होते. त्या फिरत्या भागांवर झाकण असावे की नसावे, ते कोणी घालावे आणि ते काढल्यास दोष कोणाचा, हे प्रश्न वरवर तांत्रिक वाटतात. प्रत्यक्षात ते बोटे, हात आणि प्राण यांच्याशी निगडित होते. प्रस्तुत निबंधात या झाकणाचा, म्हणजेच कामगारांच्या बोलीतील ‘गार्ड’चा, इतिहास वऱ्हाडच्या संदर्भात तपासला आहे. हिंदुस्थानातील कारखाना कायद्याने दीर्घकाळ माणसे मोजली, महिने मोजले; चाक मात्र मोजले नाही. वऱ्हाडातील जिनिंग कारखाने आणि त्यानंतर खेड्यांतील गिरण्या व मळणी यंत्रे दीर्घकाळ संरक्षणाबाहेर राहिली, त्याचे मूळ या मोजणीत आहे, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

वऱ्हाडात रेचा यंत्रावर कसा गेला

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदी कापसाची निकड भासली आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचे मोल एकाएकी वाढले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. पाठोपाठ जलंब–खामगाव आणि बडनेरा–अमरावती हे फाटे निघाले, ते कापसासाठीच. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजाराला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी भेट दिली, यावरून या बाजाराचे त्या काळातील महत्त्व ध्यानात येते.

त्यापूर्वी सरकी काढण्याचे काम हातरेच्यावर होत असे. दोन लाटांमधून कापूस ओढला जाई, रुई पलीकडे निघे आणि सरकी अलीकडे पडे. या रेच्यात बोट सापडले तरी ते फिरवणारा हात थांबत असे, कारण यंत्राची शक्ती आणि यंत्रावर बसलेले माणूस एकाच जागी होते. वाफेच्या इंजिनाने ही जोडणी तोडली. वऱ्हाडात रूढ झालेले रोलर-जिन हे फोन्स मॅकार्थी यांनी १८४० मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या रचनेवर आधारलेले होते आणि ते ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कंपन्यांकडून येत असे. चामड्याने मढविलेला रोलर तंतू ओढतो, त्याला टेकलेली स्थिर पाती सरकीला अडवते आणि वरखाली हलणारी दुसरी पाती ती झटकून टाकते. व्हिटनीच्या करवती जिनच्या तुलनेत हे यंत्र आपल्याकडील कापसाच्या तंतूंना कमी इजा करी. तंतू न तोडणाऱ्या या यंत्राच्या तोंडाशी बसणाऱ्या बोटांचा विचार मात्र त्याच्या रचनेत फारसा नव्हता.

अधिक महत्त्वाचे म्हणजे ही यंत्रे एकटी नसत. एका लांब खोलीत जिनची रांग, तिच्या एका टोकाला इंजिनाचे मोठे गतिचक्र आणि रांगेच्या लांबीभर जाणारा एकच शाफ्ट अशी मांडणी असे. अनेक ठिकाणी हा शाफ्ट फरशीच्या खालून जाई. प्रत्येक जिनसाठी एक पट्टा फरशीतील फटीतून वर येई आणि सरकी खाली पडे. शाफ्ट आणि सरकी एकाच तळघरात, ही या इमारतीची मूळ अडचण होती. सरकी बाहेर काढण्यासाठी कोणालातरी खाली उतरावे लागे आणि ते काम फिरत्या शाफ्टच्या शेजारी करावे लागे. हे काम कमी मजुरीचे मानले जात असल्याने ते करणाऱ्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने असत. पदर, लुगड्याचा सोगा, मोकळे केस, धोतराचा सोगा यांपैकी काहीही गुंडाळून घ्यायला शाफ्टला क्षणाचाही वेळ लागत नाही. गुळगुळीत शाफ्ट फिरत आहे की स्थिर आहे, हे अर्ध्या उजेडात डोळ्यांना कळत नाही, हा धोक्याचा आणखी एक भाग.

आवरणाचे कार्य

संरक्षक आवरणाचे तत्त्व साधे आहे. फिरते दोन भाग जेथे एकमेकांकडे येतात, जसे पट्टा आणि पुली, दोन दांतेरी चाके, दोन रोलर, तेथे आत ओढणारी एक फट तयार होते. तिच्यात वस्त्र वा बोट गेले की मागे घेता येत नाही. आवरण त्या फटीपर्यंत हात पोहोचू देत नाही. अचल झाकण, दार उघडताच यंत्र थांबविणारी कडी, कामाच्या मापाप्रमाणे सरकणारे झाकण आणि माणसाला दूर ठेवणारे कुंपण, असे त्याचे मुख्य प्रकार मानले जातात. झाकण जाळीचे असेल तर जाळीचे भोक आणि धोक्याच्या जागेपासूनचे अंतर यांचा मेळ घालावा लागतो: भोक मोठे तर जाळी दूर.

वर्कशॉपमधील मिस्त्रीला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. लोखंडी कोनपट्टीची चौकट, त्यावर पत्रा किंवा जाळी आणि चार बोल्ट, इतक्या साहित्यात पट्ट्यावरचे झाकण होते. अडचण येते ती तेलपाण्याची. बेअरिंगला तेल देण्याची जागा झाकणाच्या आत राहिली, तर दिवसातून दोनदा झाकण काढणे आले. दोनदा काढलेले झाकण तिसऱ्यांदा भिंतीला टेकून ठेवले जाते आणि हंगाम संपेपर्यंत तेथेच राहते. तेलाची नळी झाकणाबाहेर आणली की हा प्रश्न पुष्कळसा मिटतो. आवरणे निरुपयोगी ठरण्यामागे कामगाराचा निष्काळजीपणा असतो, असे सरसकट सांगितले जाते. तेलनळीचा हा लहानसा तपशील पाहिला की त्या विधानाची मर्यादा कळते. जे झाकण यंत्र चालविण्याच्या आड येते, ते अखेर काढले जातेच, आणि तो दोष बहुतेक वेळा झाकण बेतणाऱ्याचा असतो.

लँकेशायरचा वाद आणि मुंबईचा आयोग

यंत्राला कुंपण घालण्याची सक्ती इंग्लंडमध्ये १८४४ च्या कायद्याने आली. १८५४ मध्ये निरीक्षकांनी आडव्या शाफ्टवर, तो कितीही उंचीवर असो, आवरण हवे असा आग्रह धरताच गिरणीमालक संघटित झाले. सात फुटांवरील शाफ्टपर्यंत कोणाचा हात पोहोचणार, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच वर्षी चार्ल्स डिकन्स यांच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ नियतकालिकात हेन्री मॉर्ले यांनी गिरण्यांतील अपघातांवर तीव्र लेखन केले. तरीही १८५६ च्या दुरुस्तीने मालकांना बरीच सवलत दिली. सात फुटांवर पट्टा चढविण्यासाठी शिडी लावून चढणारा माणूस या युक्तिवादात कोठेच नव्हता.

हा वाद मुंबईत पोहोचला तो काहीशा विचित्र वाटेने. लँकेशायरचे मालक आता हिंदी गिरण्यांवर कायदा हवा म्हणू लागले. त्यांच्या मागणीत करुणा किती आणि स्पर्धेची धास्ती किती, याबद्दल तत्कालीन हिंदी वृत्तपत्रांना शंका होती आणि ती निराधार नव्हती. १८७५ मध्ये मुंबई सरकारने कलेक्टर आर्बथनॉट यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगातील बहुसंख्य सदस्यांना कायद्याची आवश्यकता वाटली नाही. आर्बथनॉट आणि डॉ. ब्लेनी यांनी मात्र साधा, मर्यादित कायदा करावा असे मत दिले. पुढे सोराबजी शापुरजी बंगाली यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. कायद्याची मागणी परकीय मालकांच्या हिताची म्हणून तिला विरोध करणे हे देशप्रेम ठरत होते, अशा काळात एका मुंबईकराने तिच्या बाजूने उभे राहणे सोपे नव्हते.

१८८१ चा १५ वा कायदा असा आला. इंजिनाला जोडलेले गतिचक्र आणि माल वर-खाली करणारी उच्चालक यंत्रे यांना कुंपण घालावे, तसेच निरीक्षकाला धोकादायक वाटलेल्या इतर भागांनाही आवरण असावे, अशी तरतूद त्यात होती. अपघाताची वर्दी देणे बंधनकारक झाले. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी आली. परंतु ‘कारखाना’ कशाला म्हणावे याच्या व्याख्येतच या कायद्याची सीमा ठरून गेली होती. यांत्रिक शक्ती, एका वेळी किमान १०० माणसे आणि वर्षातून किमान चार महिने काम, या तिन्ही अटी पूर्ण झाल्या तरच कायदा लागू होई.

मुंबईच्या कापड गिरणीला ही व्याख्या पुरेपूर बसत होती. वऱ्हाडच्या जिनला ती बहुधा बसत नव्हती. कापूस दिवाळीनंतर बाजारात येऊ लागे, काम ऐन थंडीत जोरात चाले आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ओसरे. माणसेही अनेक जिनमध्ये शंभराच्या आत असत. शिवाय वऱ्हाड हा कागदोपत्री निजामाचाच मुलूख असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू न होता स्वतंत्र आदेशाने लागू करावे लागत. जेथे कायदा लागू होई तेथेही खास निरीक्षक नसल्यास जिल्हा दंडाधिकारी हाच पदसिद्ध निरीक्षक. महसूल, दुष्काळ, पोलीस आणि न्याय सांभाळून जिनच्या तळघरात उतरून शाफ्टचे कुंपण तपासणारा अधिकारी विरळा असणार, हे सांगावयास नको.

खानदेशातील साक्षी आणि लोखंडे यांची मागणी

१८८४–८५ मध्ये मुंबई सरकारने दुसरा आयोग नेमला. त्याच्यासमोर वऱ्हाडला लागून असलेल्या खानदेशातील जिनिंग कारखान्यांच्या ज्या साक्षी झाल्या, त्या या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. स्त्रिया पहाटे चार-पाचला कामावर येत आणि रात्री उशिरा परतत. कामाची गर्दी असताना जिन रात्रंदिवस चाले. १८८७ मध्ये मुंबईत निरीक्षक म्हणून काम केलेले जोन्स यांनी या परिस्थितीचे वर्णन इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केले आणि चर्चा पुन्हा पेटली. वऱ्हाडातील जिन त्याच बनावटीचे, त्याच हंगामात आणि त्याच बाजारासाठी चालत असल्याने तेथील चित्र फार वेगळे असण्याचे कारण दिसत नाही. झोपेने पेंगणाऱ्या माणसाच्या हाताला आवरण जितके आवश्यक असते, तितके ते ताज्या माणसाला नसते. कामाचे तास आणि यंत्राचे झाकण हे दोन वेगळे विषय म्हणून कायद्यात मांडले गेले. जिनच्या तोंडाशी ते एकच होते.

याच सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. सप्टेंबर १८८४ मधील या सभांत संमत झालेल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या असलेल्या अर्जात रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेची मर्यादा आणि वेळेवर पगार या मागण्या होत्या. त्या सर्वपरिचित आहेत. पाचवी मागणी मात्र क्वचित उद्धृत होते. काम करताना जबर दुखापत झालेल्या कामगाराला बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची तजवीज व्हावी, अशी ती मागणी होती. ‘दीनबंधु’चे संपादक आणि सत्यशोधक कार्यकर्ते असलेल्या लोखंडे यांनी ही मागणी मांडली, तेव्हा कामगार नुकसानभरपाईचा कायदा हिंदुस्थानात यायला अजून ३९ वर्षे होती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. पाचवी मागणी तशीच राहिली.

१८९१ च्या कायद्याने १०० माणसांची अट ५० वर आणली आणि प्रांतिक सरकारांना ती २० पर्यंत खाली नेण्याची मुभा दिली. स्त्रियांच्या कामावर ११ तासांची मर्यादा आली. चार महिन्यांची अट राहिली. १९०७–०८ च्या मॉरिसन आयोगाला हंगामी कारखान्यांत १७–१८ तासांचे काम आढळले. अखेर १९११ च्या कायद्याने चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखानेही व्याख्येत घेतले. मुंबईच्या गिरणीतील गतिचक्राला कुंपण घालण्याची सक्ती झाल्यापासून वऱ्हाडच्या हंगामी जिनमधील शाफ्टपर्यंत ती पोहोचण्यास ३० वर्षे लागली. या ३० वर्षांत शाफ्टच्या फेऱ्यांत काहीच फरक नव्हता; फक्त एक १२ महिने फिरत होता आणि दुसरा चार.

तळघरातील शाफ्ट

१९२२ मध्ये माणसांची अट सर्वत्र २० वर आली. १९३४ चा कायदा १ जानेवारी १९३५ पासून अमलात आला. त्याने बारमाही आणि हंगामी असे कारखान्यांचे दोन वर्ग केले, आणि जिनिंग व प्रेसिंग हंगामी वर्गात गेले. संरक्षण दोन्हींना असले तरी हंगामी वर्गात आठवड्याचे ६० तास मान्य होते, बारमाहीत ५४. शेतीमालाला थांबता येत नाही हा युक्तिवाद येथेही होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. ओला कापूस जिनच्या आवारात पडून राहिला तर त्याचा रंग जातो, हे कोणताही शेतकरी सांगेल.

जिनच्या विशिष्ट धोक्याचा अचूक विचार आढळतो तो नियमांत. कारखाना कायद्याखालील नियमांत कापूस जिनिंगसाठी असलेली तरतूद अशी होती: फरशीखालील मुख्य शाफ्ट सलग भिंतीने किंवा ओलांडता न येणाऱ्या कुंपणाने पूर्णपणे बंदिस्त असावा, सरकी काढणे, सफाई आणि तेल देणे यांसाठी आवश्यक तेवढीच दारे ठेवावीत, आणि ती दारे बंद व कुलूपबंद असावीत. या एका नियमात जिनच्या तळघराचा सारा इतिहास साठवलेला आहे. दाराला कुलूप हवे, असे लिहिण्याची वेळ येते, तेव्हा ते दार उघडे राहत होते असे समजावे. नियमात सरकीचा उल्लेख असणे हेही बोलके आहे. शाफ्टजवळ जाण्याचे कारण मिस्त्रीचे कुतूहल नव्हे, तर मजुराला नेमून दिलेले काम होते, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होते.

१९४८ चा कारखाना कायदा (१ एप्रिल १९४९ पासून लागू) या बाबतीत आपल्याकडील सर्वांत तपशीलवार दस्तऐवज ठरला. त्याच्या कलम २१ ने मूळ चालक यंत्र, गतिचक्र, शक्तिवहनाची सर्व यंत्रणा आणि कोणत्याही यंत्राचा धोकादायक भाग भक्कम आवरणाने बंदिस्त करण्याची सक्ती केली. यंत्र चालू असेपर्यंत आवरण जागेवरच असले पाहिजे, हे त्यात स्पष्ट होते. कलम २२ प्रमाणे चालत्या यंत्राची तपासणी किंवा त्याला तेल देणे हे काम प्रशिक्षित प्रौढ पुरुषानेच, मालकाने पुरविलेले अंगाबरोबर बसणारे कपडे घालून करावयाचे होते. कलम २७ तर प्रेसिंग कारखान्यालाच उद्देशून होते. कापूस पिंजणारे ओपनर यंत्र चालू असेल त्या भागात स्त्रिया व मुलांना काम देण्यास बंदी होती. यंत्राचे भरणीचे तोंड छतापर्यंतच्या भिंतीने वेगळे केले असेल तरच त्या बाजूला त्यांना काम देता येत असे. या तरतुदीचा दुसरा परिणामही नोंदवला पाहिजे. भिंत बांधण्यापेक्षा स्त्रीला कामावरून दूर ठेवणे मालकाला स्वस्त पडत असे, आणि कायद्याने हे दोन्ही मार्ग त्याच्यापुढे सारख्याच मोकळेपणाने ठेवले होते.

कलम २६ मात्र वेगळ्या विचाराचे द्योतक आहे. नव्याने बसविलेल्या यंत्रांतील फिरत्या शाफ्टवरील प्रत्येक स्क्रू, बोल्ट व चावी आत बसविलेली किंवा झाकलेली असावी आणि वारंवार जुळवावी न लागणारी दांतेरी चाके पूर्ण बंदिस्त असावीत, असे सांगून त्याने अशी यंत्रे विकणाऱ्यालाही शिक्षेस पात्र ठरविले. आवरण यंत्राबरोबरच जन्माला यावे, ही कल्पना येथे कायद्यात आली. इंग्लंडमध्ये १९५५ साली जॉन समर्स अँड सन्स या पोलाद कारखान्याच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने हाच विचार टोकाला नेला: भक्कम आवरण घातल्याने यंत्र वापरता येत नसेल, तरीही आवरणाचे बंधन सुटत नाही.

भरपाई आणि ‘काढलेले झाकण’

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने (अंमल १ जुलै १९२४) लोखंडे यांच्या पाचव्या मागणीचा काही अंश मान्य झाला. त्याच्या परिशिष्टात अवयवांचा हिशेब होता. पुढे सुधारलेल्या परिशिष्टानुसार अंगठा गेल्यास कमाईच्या क्षमतेत ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेल्यास १४ टक्के, एका हाताची चार बोटे गेल्यास ५० टक्के घट धरली गेली. हे कोष्टक निर्दय वाटते. तरीही त्याआधीच्या परिस्थितीपेक्षा ते बरे होते. आधी कोष्टकच नव्हते.

याच कायद्यात आवरणाचा एक अनपेक्षित उपयोग शिरला. सुरक्षेसाठी बसविलेले आवरण कामगाराने जाणूनबुजून काढले किंवा त्याकडे दुर्लक्ष केले आणि त्यातून दुखापत झाली, तर मृत्यूचा प्रसंग वगळता मालकावर भरपाईची जबाबदारी नव्हती. तत्त्व म्हणून हे समजण्यासारखे आहे. परंतु उक्त्या कामावर, तुंबलेला कापूस काढण्यासाठी झाकण बाजूला करणाऱ्या मजुराच्या दृष्टीने पाहिले तर जिन थांबविणे म्हणजे मजुरी थांबविणे आणि मुकादमाची बोलणी खाणे. झाकण काढण्याचा निर्णय कागदावर त्याचा. त्याला तो घ्यावयास लावणारी व्यवस्था दुसऱ्याची. भिंतीला टेकवलेले एक झाकण मालकाच्या बाजूने साक्ष देऊ शकत होते. आवरण जिवंत माणसासाठी होते तसे खटल्यासाठीही होते, हे वास्तव या विषयाच्या तांत्रिक पुस्तकांत सहसा येत नाही.

मोझरीच्या परिसरातील यंत्रे

१९३५ मध्ये, म्हणजे १९३४ चा कायदा अमलात आला त्याच वर्षी, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी अमरावती–नागपूर मार्गावरील मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. आदल्या वर्षाच्या डिसेंबरात शेजारच्या वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन होऊन जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे काम सुरू केले होते. वर्धा आणि मोझरी यांच्या टापूत खेड्यातील यंत्राविषयी जितका विचार झाला तितका महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच झाला असेल. पिठाची गिरणी जात्याला आणि तेलाची गिरणी घाण्याला मारते का, खेड्याचा पैसा शहरात जातो का, यंत्र माणसाचे काम हिरावते का, असे ते प्रश्न होते आणि ते मूलभूत होते. १९५५ च्या ‘ग्रामगीते’तही ग्रामोद्योगाला मोठे स्थान आहे. यंत्र यावे की न यावे, या चर्चेत ते आल्यानंतर त्याला झाकण कसे असावे हा प्रश्न मागे पडला, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. यंत्र तर आलेच. वीज पोहोचली तशी गावोगाव पिठाची गिरणी लागली आणि तिच्या उघड्या पट्ट्याशेजारी दळणाचे डबे घेऊन स्त्रिया आणि मुले रांगेत उभी राहू लागली.

ही गिरणी कारखाना नव्हती. १९४८ च्या कायद्याला यांत्रिक शक्तीबरोबर किमान १० कामगार लागत, आणि गिरणीत असतो एक गिरणीवाला. पट्टा तोच, पुली तीच, आत ओढणारी फटही तीच. कडबाकुट्टी यंत्राचेही तसेच. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या सुरुवातीच्या उत्पादनांत कडबा कापण्याचे यंत्र होते, आणि ज्वारीच्या प्रदेशात ते अत्यंत उपयुक्त ठरले. जड चाकावर पाती बसविलेल्या या यंत्राला वीज जोडली गेली, तेव्हा वैरण आत सारणारा हात आणि पाती यांत काही इंचांचे अंतर उरले. दिल्लीच्या आयआयटीतील दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भारतातील खेड्यांत अशा यंत्रांच्या अपघातांचा अभ्यास करून पात्यावरील झाकण, हात पुढे जात असल्याची जाणीव देणारा रोलर आणि रिकाम्या वेळी चाक अडकवून ठेवणारी कडी असे स्वस्त उपाय सुचविले. चाक फिरवून खेळणारी मुले हा त्यांच्या चिंतेचा एक विषय होता; कोणत्याही कारखाना कायद्याच्या कक्षेत न बसणारी ही माणसे.

हरितक्रांतीनंतर मळणी यंत्रांनी हात तोडण्याचे प्रमाण इतके वाढले की १९८३ मध्ये संसदेला धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा करावा लागला. या विषयाच्या इतिहासात तो एका अर्थाने पहिलाच. त्याने किती माणसे कामावर आहेत हे विचारले नाही. यंत्र धोकादायक आहे का, एवढेच विचारले. शेतीत वापरल्या जाणाऱ्या शक्तिचलित मळणी यंत्राच्या उत्पादकाला परवाना आणि ठरावीक सुरक्षा रचना यांचे बंधन आले. भारतीय मानकानुसार पेंढी सारण्याचा घसरडा किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातील किमान ४५ सेंटिमीटर भाग झाकलेला असावा असे ठरले. माणसाच्या हाताची लांबी या मापात धरलेली आहे. हात आत गेला तरी ड्रमपर्यंत पोहोचू नये, इतके साधे हे गणित. कायदा झाला, मानक झाले. गावातील वर्कशॉपमध्ये बनणाऱ्या यंत्रापर्यंत ते पोहोचविण्याची यंत्रणा मात्र दुबळीच राहिली, कारण निरीक्षकांची सारी रचना कारखान्यांच्या यादीवर उभी होती.

शाफ्ट गेल्यानंतर

दरम्यान जिनचे रूप बदलले. इंजिनाची जागा विजेच्या मोटारीने घेतली आणि पुढे प्रत्येक जिनला स्वतंत्र मोटार आली. २००० मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानाच्या चौथ्या उपअभियानाखाली जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणासाठी अनुदान मिळू लागले, तसे वऱ्हाडातील अनेक कारखान्यांत कापूस हवेच्या झोताने आणि सरकी यांत्रिक वाहकाने हलू लागली. रांगेच्या लांबीभर जाणारा सामाईक शाफ्ट जेथे गेला, तेथे सरकी गोळा करण्यासाठी त्याच्याशेजारी उतरण्याचे कामही गेले. १३० वर्षांच्या नियमांनी जे पूर्ण साधले नव्हते ते यंत्राच्या मांडणीतील एका बदलाने बरेचसे साधले.

धोका नव्या जागी गेला. सरकी वाहून नेणारा मळसूत्री वाहक म्हणजे एका पन्हाळीत फिरणारा लोखंडी पेच. त्यावर झाकण असेल तर तो निरुपद्रवी, झाकण काढले तर पाय किंवा हात आत ओढून घेणारा. सरकी तुंबली की झाकण उचलावे लागते, आणि उचललेले झाकण पुन्हा बसवावे लागते. झाकण उचलताच वाहकाची मोटार बंद पडेल अशी कडी बसविणे तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. कापड गिरण्यांतील कार्डिंग यंत्राच्या सिलिंडरचे दार सिलिंडर पूर्ण थांबल्याशिवाय उघडू नये, अशी यंत्रणा नियमांनी फार पूर्वीच सक्तीची केली होती.

२०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ‘कारखाना’ या शब्दासाठी यांत्रिक शक्तीसह लागणारी माणसांची संख्या १० वरून पुन्हा २० वर नेली, म्हणजे १९२२ च्या आकड्यावर. आवरणाचा तपशील, जो १९४८ च्या कायद्यात कलमांच्या मजकुरातच होता, तो नियम आणि मानकांकडे सोपविला गेला. यंत्रे स्वयंचलित होत गेली तशी जिनमधील माणसांची संख्या घटत आहे. ज्या आधुनिकीकरणाने तळघरातील शाफ्ट काढून टाकला, तेच एखाद्या लहान जिनला २० माणसांच्या आकड्याखाली आणू शकते, आणि त्याच्या आवारातील मळसूत्री वाहक मग मोझरीच्या वाटेवरील पिठाच्या गिरणीच्या रांगेत जाऊन बसतो.